शेवटच्या घराचा बिल्ला

निवडणुकीच्या रविवारी वनमालाबाई देवळामागं मोठं पातेलं घासत बसल्या होत्या आणि आत मंडळी त्यांना वडील करत होती.

निंबोणीवाडीच्या देवळात वडील म्हणजे वयानं मोठा माणूस नव्हे. वडील म्हणजे मंडळीनं चिठ्ठ्या टाकून निवडलेले पाच जण. पाळकसाहेब येतात आणि बदलून जातात. उपदेश त्यांचा, पण कारभार या पाच जणांचा. देवळाचा पत्रा कधी बदलायचा, नाताळचा भात कुणाच्या अंगणात शिजवायचा, कोण आजारी आहे, कोण रुसून बसलंय, हे सगळं वडिलांनी बघायचं. आणि वडिलांचं पाऊल वाकडं पडतंय का, ते मंडळीनं बघायचं. धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा जुन्या गावातलं देऊळ दगड दगड उचलून वर आणलं. तेव्हाही कुणा साहेबाचा हुकूम नव्हता. बाया-बाप्यांनी हात वर करून ठरवलं होतं. फक्त वडील मात्र आजवर पाचही पुरुषच असायचे. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

सगळ्यांत जुने वडील कोंडीरामबप्पा काठी टेकत देवळामागं आले.

"वनमाला, ऊठ. तुला निवडलंय."

"कशाला?"

"वडील म्हणून."

वनमालाबाईंनी राखेचा हात थांबवला. "मग पातेलं कोण घासायचं?"

"ते बी तूच," बप्पा म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसत आत गेले.

वनमालाबाई मूळच्या अणदूरच्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा बोलायला लाजायच्या, गायला नाही. नवरा विहिरींवर मोटारी बसवायचा. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा शलमोन पुण्याला नोकरीत. त्या स्वतः गावच्या शाळेत खिचडी शिजवतात, आणि शाळेतल्या बाईंपेक्षा पोरं त्यांना जास्त घाबरतात. घाबरण्याचं कारण ओरडणं नाही. पोरगं ताटावरून उठलं की त्या विचारतात, "पोट भरलं का?" पोरगं घाईनं व्हय म्हणतं. मग वनमालाबाई काहीच बोलत नाहीत. पळी हातात धरून नुसत्या उभ्या राहतात. थोड्या वेळानं पोरगं खरं काय ते सांगतं आणि परत बसतं. लाजाळू पोरांचं पहिलं उत्तर खरं नसतं, हे त्यांना खिचडीनं शिकवलं होतं.

वडील झाल्याचा आनंद त्यांना झाला, पण त्यांनी तो चारचौघांत दाखवला नाही. घरी जाऊन दार लावलं आणि मग हसल्या. प्रभुभोजनाचं मोठं पितळी ताट त्या कितीतरी वर्षं चिंच लावून घासत आल्या होत्या. घासून पुसून दारातून आत द्यायचं, एवढाच त्या ताटाशी त्यांचा संबंध. तेच ताट टेबलापासून उचलून मंडळीत फिरवायचं काम वडिलांचं. म्हणजे आता त्यांचं.

"बघू, बाई ताट कसं धरते ते," वडिलांपैकी याकोबराव कट्ट्यावर म्हणाले होते. ते त्यांच्या कानावर आलं, आणि ताट धरायची इच्छा होती त्याहून वाढली.

या देवळात प्रभुभोजन, म्हणजे प्रभूचं शरीर म्हणून भाकरी वाटून खायचा विधी, दर महिन्याला होत नाही, दोन-तीन महिन्यांतून एकदा होतं. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक वडिलानं आपल्या वाट्याच्या घरांना जायचं, दारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, "कुणाबद्दल मनात अढी आहे का?" उत्तर नाही असेल तर हातावर पितळेचा एक छोटा बिल्ला ठेवायचा. रविवारी तो ताटात टाकायचा, मग भाकरीला हात लावायचा. अढी असेल त्यानं आधी ती सोडवून यायचं. वडिलांनी मात्र स्वतःचा बिल्ला स्वतः घ्यायचा नाही. वाट्यातलं सगळ्यांत शेवटचं घर वडिलांना तोच प्रश्न विचारतं, आणि त्या घराच्या हातूनच त्यांना बिल्ला मिळतो.

कुणा जुन्या मिशनरी साहेबानं आपल्या थंड मुलखातून ही रीत आणली म्हणतात. तिकडं ती केव्हाच बंद पडली असेल. इथं टिकली. बिल्ल्यावर जळतं झुडूप कोरलेलं आहे, पेटलेलं पण न जळणारं. इतक्या हातांतून फिरून ते असं झिजलंय की पोरं त्याला कोथिंबीर म्हणतात.

रीत टिकली होती, पण तिची धार बोथट झाली होती. ती कोंडीरामबप्पांनी बोथट केली होती, आणि तीही निव्वळ मायेपोटी. बप्पांना कुणाचं वाईट वाटलेलं बघवत नसे. दारात आले की ते एका दमात म्हणायचे, "काय न्हाय ना? न्हाय. घ्या." बिल्ला हातात पडलेला असायचा आणि बप्पा पुढच्या घरी पोचलेले असायचे. खोटं बोलायचीसुद्धा कुणाला गरज पडत नव्हती. बाकीच्या वडिलांनीही त्यांचंच वळण उचललं होतं.

या मायेचा सगळ्यांत मोठा फायदा झाला होता वनमालाबाईंना आणि त्यांच्या धाकट्या जावेला, राहेलला.

दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. पूर्वी प्रभुभोजनाच्या शाळूच्या भाकरी दोघी मिळून करायच्या. चूल वनमालाबाईंची, हात राहेलचे. एका रविवारी उपासना सुटल्यावर सगळी मंडळी देवळाच्या ओट्यावर टेकली होती आणि वनमालाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आज प्रभू जरा कच्चाच राहिला गं, राहेल!" बायका हसल्या. बायकांचं एक वेळ चाललं असतं, पण तेव्हाचे पाळकसाहेबही हसले. राहेल उठून घरी गेली. मागोमाग वनमालाबाई तिची समजूत काढायला गेल्या, तर चुलीकडं तोंड करूनच ती म्हणाली, "तुमच्या हातचं एवढं गोड लागतंय, तर शलमोन का येत न्हाय जेवायला?"

झालं. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. निरोप द्यायचाच असेल तर राहेल आपल्या शेळीशी मोठ्यानं बोलते, "आज नळाला पाणी सुटायचं न्हाय बरं का गं!" आणि भिंतीपलीकडं वनमालाबाई हंडे भरून ठेवतात. प्रभुभोजनाला लोहाऱ्याहून बेकरीचा पाव येतो. त्याला नावं ठेवायला कुणाला जागा नाही, आणि त्याला चवही नाही.

नव्या वडिलांची पहिली बैठक बसली. वाटे ठरवायचे ते चिठ्ठ्या उचलून, अशी पद्धत. माणसानं माणूस निवडला की बोट दाखवायला जागा राहते. वनमालाबाईंनी चिठ्ठी उघडली. विहिरीची आळी. त्यांची स्वतःचीच. त्याच आळीत राहेलचं घर.

"बदलून द्यायचं का?" बप्पांनी हळूच विचारलं.

याकोबराव मिशीत हसत असल्याचं वनमालाबाईंनी पाहिलं. "चिठ्ठी बदलत न्हाईत, बप्पा," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीचे दिवस होते. शाळूची कणसं भरली होती, हरभऱ्याचे घाटे टचटचीत झाले होते आणि दुपार टळली की धरणावरून गार वारा यायचा. शाळा सुटल्यावर वनमालाबाईंनी हात धुतले, बिल्ल्यांची पिशवी कमरेला खोचली आणि आळीच्या लांबच्या टोकाकडून सुरुवात केली. जवळच्या टोकाला कोण राहतं, हे त्यांना माहीत होतं.

पहिलं घर धोंडीबानानांचं.

"सलाम, नाना. कुणाबद्दल मनात अढी?"

"सलाम. न्हाय." नानांनी हात पुढं केला.

वनमालाबाई उभ्याच राहिल्या.

"न्हाय म्हणलं की," नाना म्हणाले.

"ऐकलं, नाना."

नानांचा हात तसाच हवेत. आत सारूबाई भांडी लावत होत्या, आणि ती जरा जास्तच वाजत होती. हळूहळू नानांचा हात खाली आला. "शेवग्याचं म्हणतीस का?"

"म्या कुठं काय म्हणतीया?"

"म्या तोडला तिचा शेवगा. वायरीला लागत हुता."

"फांदी लागत हुती!" आतून आवाज आला. "वायरीला एक फांदी लागत हुती. ह्यांनी झाडच आडवं केलं. माझ्या माहेरनं आणलेला शेवगा! माझी हाय अढी. लिव्हून घे."

"लिव्हायचं न्हाय काय, सारूबाई. सोडवायचं," वनमालाबाई म्हणाल्या. "दोघांचे बिल्ले माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"अगं, मग रविवारी पाव कसा मिळायचा?" नानांना घाम फुटला.

"शेवग्याला इचारा."

दुसऱ्या घरी दोघा भावांची पाण्याच्या पाळीवरून धुसफूस निघाली. पुढच्या घरातल्या सुनेनं आधी न्हाय म्हटलं, मग बराच वेळ पायानं माती उकरून सांगितलं की गाण्याच्या सरावाला तिला मुद्दाम मागं उभं करतात. एका गड्याची अढी थेट पाळकसाहेबांशी होती. ते उपदेश लांबवत बसतात आणि तोवर त्याच्या म्हशी गोठ्यात ओरडतात. वनमालाबाईंनी कुणाला उपदेश केला नाही. त्यांना तो येतही नव्हता. त्या नुसत्या विचारायच्या आणि उभ्या राहायच्या. माणसं आधी छपराकडं बघायची, मग कोंबड्यांकडं, आणि शेवटी बोलायची.

आळीच्या मधोमध महेश्वरीचं घर. ती लिंगायत, देवळाशी तिचा संबंध नाताळच्या करंज्यांपुरता. ती दारातच उभी होती.

"वनमालाबाई, मला बी एक बिल्ला द्या की. माझी कुणाशीच अढी न्हाय."

वनमालाबाई सवयीनं थांबल्या.

"सासू सोडून," महेश्वरी म्हणाली आणि स्वतःच दचकली. "अगं बाई! हे कसलं बघणं तुमचं? जावा पुढं!"

आठवडा मध्यावर आला आणि गावात वेगळीच वर्दळ सुरू झाली. दिवेलागणीला एरवी दारं लोटून बसणारी माणसं आळी ओलांडून एकमेकांकडं जाताना दिसू लागली. कुणी हातात हरभऱ्याची जुडी घेऊन, कुणी नुसतं खाकरत. दोघा भावांनी बांधावर बसून पाळी ठरवली आणि ठरवता ठरवता हुरडा भाजला. म्हशीवाल्याकडं पाळकसाहेब स्वतः गेले. ते तरुण होते, सांगलीकडचे, या गावात नवे. काय बोलणं झालं कळलं नाही, पण येताना त्यांच्या हातात खरवसाचा डबा होता.

काळजी पडली ती कोंडीरामबप्पांना.

"वडीलबाई," ते देवळाच्या पायरीवर बसून म्हणाले, "तुमी असं इचारत बसलात तर रविवारी देवळात कोण येणार? म्या आन् घंटा."

"मग इचारूच नका की, बप्पा. बिल्ले पोस्टानं धाडा."

शेजारी उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना हसू आवरेना. बप्पांनी त्यांच्याकडं रागानं बघितलं, मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वाट्यात बी लोक थांबाया लागलेत. म्या बिल्ला देतुया तर म्हणतात, बप्पा, दम धरा, अढी हाय. म्या काय करू?"

"दम धरा," वनमालाबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी पिशवीत मोजके बिल्ले उरले. सारूबाईंचा, धोंडीबानानांचा, राहेलचा आणि स्वतःचा. वनमालाबाई राहेलच्या दारावरून आठवडाभर मान वळवून जात होत्या. उद्या जाऊ, परवा जाऊ. देवळाच्या अंगणात त्या ताटाला चिंच लावत असताना बप्पा शेजारी येऊन उभे राहिले.

"शेवटचं घर कुठलं ठेवलंस?"

"शेवटचं घर?"

"तुझा बिल्ला कोण देणार, वनमाला?"

वनमालाबाईंचा हात ताटावरच थांबला. नियम त्यांना पाठ होता. फक्त तो आपल्यालाही लागतो, हे टाळाटाळीच्या नादात ध्यानातच राहिलं नव्हतं. राहेलचं दार टाळत टाळत त्यांनी स्वतःच्या हातानं तिचंच घर शेवटचं केलं होतं. उद्या त्यांचा बिल्ला राहेलच्या हातून यायचा. नाही आला तर नवी वडील ताट न धरता मागच्या बाकावर बसणार, आणि याकोबराव काही बोलणारसुद्धा नाहीत. नुसते बघतील.

एकदम त्यांना आठवलं. धोंडीबानाना! त्यांचे बिल्ले अजून राहिलेत. राहेलकडं आत्ता उभ्या उभ्या जाऊन यायचं, आणि शेवटचं घर नानांचं ठेवायचं. सारूबाई काय, शेवग्यापायी अजून रुसलेल्याच असणार, म्हणजे ते घर आपोआप शेवटीच राहील. चिंचेच्या हातानंच वनमालाबाई उठल्या आणि त्यांना सांगून ठेवायला भराभरा निघाल्या. पण आळीच्या तोंडाशीच नाना आणि सारूबाई समोरून येताना दिसले. नानांच्या धोतराला माती लागली होती.

"लावला!" ते लांबूनच ओरडले. "तिच्या माहेरला जाऊन फांदी आणली आन् लावली. आता दे बिल्ले."

"एवढी काय घाई, नाना? उद्या सकाळी..."

"वनमाला," सारूबाई म्हणाल्या, "आमची अढी गेली. तू इचार, थांब, काय बी कर." आणि दोघं म्हातारी रस्त्यात हात पुढं करून उभी राहिली. वनमालाबाई थांबल्या. या वेळी त्या मनापासून थांबल्या. एखादी बारीकशी अढी तरी निघावी म्हणून वाट बघत राहिल्या. पण सारूबाई नुसत्या हसत होत्या. बिल्ले द्यावेच लागले.

राहेल अंगणात शेंगा फोडत बसली होती. वनमालाबाई फाटकात आल्या. तिनं वर बघितलं नाही. शेळीला म्हणाली, "आलं बघ गं, शेवटी हिकडचं दार दिसलं."

"राहेल, कुणाबद्दल मनात अढी?"

विचारून वनमालाबाई थांबल्या. आठवडाभर हे थांबणं त्यांना सोपं गेलं होतं. आता त्यांनी फाटकाची कडी धरून ठेवली. शेंगांचा टकटक आवाज तेवढा येत होता.

"हाय," राहेल म्हणाली. "तुमच्याबद्दल."

"माझी बी हाय."

"तुमची इचारली न्हाय अजून. आधी माझी." राहेलनं सूप बाजूला सारलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडं बघून बोलत होती, आणि रागातसुद्धा तिचं तुमी सुटलं नव्हतं. "आक्का, म्या लगीन होऊन आले तवा मला भाकरी यायची न्हाय. तुमीच शिकवली. त्या देवळाच्या भाकरीला हात लावताना माझं काळीज असं व्हायचं. आन् तुमी सगळ्या मंडळीपुढं मला हसण्यावारी नेलं. पाळकसाहेब हसले, आक्का. मला वाटलं देव बी हसला आसंल."

वनमालाबाईंकडं उत्तर होतं. मी गंमत केली, एवढंच. ते वर्षानुवर्षं तयार होतं. पण ओठावर आल्यावर त्यांना ते लाजाळू पोराच्या पहिल्या उत्तरासारखं वाटलं, आणि त्यांनी ते गिळलं. त्या फाटकातून आत आल्या आणि सुपापलीकडं जमिनीवर बसल्या. एक शेंग उचलून फोडली.

"आता तुमचं सांगा," राहेल म्हणाली.

"तू शलमोनचं काढलंस."

राहेलची बोटं थांबली. तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग उठली आणि म्हणाली, "आत या."

स्वयंपाकघरात जाऊन ती चुलीपाशी उभी राहिली, बरोबर त्या दिवशी उभी होती तिथं. "ते म्या हितं बोलले हुते, तर हितंच म्हणते. ते बोलायला नगं हुतं. एकट्या बाईला तिच्या लेकरावरून बोलू न्हाय. त्या राती म्या जेवले न्हाय, आक्का. पण यिऊन सांगितलं बी न्हाय."

वनमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. आपण रडतोय याचा त्यांना रागही आला. "माझं बी चुकलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी..."

"हितं न्हाय," राहेलनं त्यांना अडवलं. "माझं बोलणं हितलं हुतं, ते म्या हितं फेडलं. तुमचं सगळ्या मंडळीपुढचं हाय. तिथं फेडा." आणि तिनं हात पुढं केला. "तुमचा बिल्ला द्या माझ्यापाशी. उद्या तिथंच देते. न्हाय तर न्हाय."

"आन् तुझा?"

"माझा तुमच्यापाशी. तो बी उद्या. तवर कुणाचीच अढी गेलेली न्हाय."

पहिल्याच रविवारी, ताट धरायच्या आधी, सगळ्यांसमोर. याकोबरावांसमोर. वनमालाबाईंनी आपला बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. घरी आल्यावर उद्या मंडळीपुढं काय बोलायचं याचा त्यांनी भिंतीकडं बघून दोनदा सराव केला, पण तिसरं वाक्य दोन्ही वेळा सुचलं नाही. शेवटी नाद सोडून त्या गाणं गुणगुणत पीठ मळायला बसल्या.

रविवारी देऊळ भरलं. बप्पांची भीती फोल ठरली. इतकी माणसं नाताळनंतर पहिल्यांदाच जमली होती. पाण्याच्या पाळीवाले भाऊ एका बाकावर बसले होते. ती सून गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभी होती आणि तिचा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. पाळकसाहेबांनी उपदेश इतका आवरता घेतला की म्हशीवाला घड्याळाकडं बघून चकित झाला.

टेबलावरचा पांढरा कपडा निघाला. आधी वडिलांनी बिल्ले टाकायचे. कोंडीरामबप्पांनी टाकला. याकोबरावांनी टाकला. बाकीच्या दोघांनी टाकले. सगळ्यांची नजर वनमालाबाईंच्या हाताकडं गेली. हात रिकामा होता.

"माझा बिल्ला राहेलपाशी हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी मंडळीकडं तोंड केलं. "मागं म्या भायेर वट्यावर बोलले हुते. प्रभू कच्चा राहिला म्हणून. तुमी समदे हसलात. मला लई बरं वाटलं, म्या बोलले आन् समदे हसले म्हणून. त्या हसण्यापायी म्या माझ्या जावंला समद्यांत खाली बघायला लावलं. ते म्या आज माघारी घेते. राहेल, चुकलं माझं."

याकोबराव आपल्या चपलांकडं बघत होते.

बायकांच्या बाजूनं राहेल उठली आणि मधल्या वाटेनं पुढं आली. टेबलापाशी येऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी मागं सरकून तिला जागा दिली.

"आक्का, कुणाबद्दल मनात अढी?"

"न्हाय."

राहेल बिल्ला मुठीत धरून उभीच राहिली. हुबेहूब वनमालाबाईंसारखी, मान जराशी तिरकी करून. मंडळीत कुणीतरी फुसकन हसलं.

"न्हाय गं, खरंच न्हाय," वनमालाबाई म्हणाल्या.

"मग माझं बी एक सांगायचं ऱ्हायलंय." राहेलचा चेहरा एकदम लाल झाला. "त्या दिवशी भाकरी कच्चीच हुती. सरपण वलं हुतं तुमचं."

मग सारूबाईंनी सुरुवात केली, आणि हसण्याची लाट बायकांकडून बाप्यांकडं गेली. कोंडीरामबप्पा काठीवर हनुवटी टेकून हसता हसता खोकू लागले. याकोबरावांनी रुमाल तोंडावर धरला, पण खांदे लपेनात. आणि सगळ्यांत जास्त हसत होती राहेल, वनमालाबाईंच्या खांद्याला धरून.

"आता सरपणाचं जरा लागलं बरं का मनाला," वनमालाबाई म्हणाल्या, तेव्हा पाळकसाहेबांनाही राहवलं नाही. या वेळी पाळकाच्या हसण्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

राहेलनं बिल्ला दिला. वनमालाबाईंनी पदराची गाठ सोडून तिचा तिला दिला. दोन्ही बिल्ले एकदम ताटात पडले. सगळ्यांचे बिल्ले टाकून झाल्यावर ते पिशवीत ओतून ताट पुसलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पाव मोडून ताटात ठेवला, आणि वनमालाबाईंनी ताट उचललं.

रिकामं असताना कधी जाणवलं नव्हतं इतकं ते जड होतं. मधल्या वाटेनं जाताना त्यांना एकेक चेहरा इतक्या जवळून दिसला की क्षणभर ओळखीचीच माणसं नवी वाटली. नानांच्या नखांत अजून माती होती. याकोबरावांच्या बाकापाशी ताट आलं तेव्हा त्यांनी घास घेतला आणि खाली न बघता हळूच म्हणाले, "सलाम, वडीलबाई." वनमालाबाईंनी मान हलवली आणि पुढं गेल्या.

उपासना सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. दोघी जावा आळीनं घराकडं निघाल्या, आणि महेश्वरी कपडे वाळत घालता घालता थबकली, कारण आवाज चांगलेच वर गेले होते.

"पुढच्या टायमाला तो पाव नगं," राहेल म्हणत होती. "कापूस खाल्ल्यावानी लागतंय. भाकरीच करायची. शाळू आमच्या वावरातला घ्या."

"तुझा शाळू भरडा निघतंय. माझ्या माहेरचा आणते म्या."

"अणदूरचा? त्याला चिकटाई हाय का? थापताना भाकरी भेगाळती त्याची!"

"थापणारीला येत नसंल तर भेगाळती!"

"मग तुमीच थापा की, आक्का!"

मागून येणाऱ्या बप्पांना महेश्वरीनं काळजीनं विचारलं, "काय वो, पुन्हा जुंपली काय दोघींची?"

बप्पांनी थांबून त्या दोघींकडं पाहिलं. हातवारे करत, एकमेकींचं बोलणं तोडत, एकीच्या खांद्याला दुसरीचा खांदा घासत त्या विहिरीच्या वळणाशी पोचल्या होत्या. पुढं राहेलचं घर आधी लागत होतं. वनमालाबाई बोलता बोलता तिच्याच फाटकातून आत शिरल्या.

"न्हाय," बप्पा म्हणाले. "पिठाचं ठरतंय. दुपारपत्तूर चालंल."